लावला, पण लागला नाही

सोमवार, ४

आज सकाळी दहा बेचाळीसला मशीनचा पंखा चढला. ऑफिसात चार माणसं होती, एकानेही मान वर केली नाही. मी बाहेरच्या खोलीत फोनवर एका गिऱ्हाइकाची तक्रार ऐकत होतो, तरी दुसऱ्या कानाने टिपलं. एरवी तो पंखा गाढ झोपलेल्या माणसासारखा एका लयीत घोरतो. आज जिना चढल्यासारखा धापा टाकायला लागला. गिऱ्हाइकाला म्हटलं, "जरा थांबा, पाहुणे आलेत," आणि आत पळालो.

अकरा मिनिटं मशीन, म्हणजे आमचा सर्व्हर, कुणालाच उत्तर देईना. दुसरं कुठलं मशीन असतं तर वहीत एक ओळ लिहून झोपलो असतो. पण आसपासच्या तीन गावांतून अँब्युलन्ससाठी येणारा प्रत्येक फोन या मशीनमधून कंट्रोल रूमच्या टेबलांवर जातो. अकरा मिनिटांत पाच जणांनी फोन केला आणि पाचही हवेत विरले. चौघांनी पुन्हा केला. पाचव्याने वाट न बघता शेजारच्या म्हाताऱ्याला स्वतःच्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. खुबा मोडला होता. मोडलेला खुबा असा गाडीत कोंबायचा नसतो, हे मला कंट्रोलबाईंनी सांगितलं.

कंट्रोलबाई म्हणजे त्या कंट्रोल रूमच्या प्रमुख. दहा शब्दांचं काम असेल तर सातात भागवतात. आज मात्र माझ्यासाठी जास्त खर्च केले.

"अकरा मिनिटं बंद होतं," त्या म्हणाल्या.

"बंद नव्हतं, बाई. चालू होतं. फक्त उत्तर देत नव्हतं."

"बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. फोन आपोआप शेजारच्या कंट्रोल रूमकडे वळले असते. तुमचं चालू होतं, म्हणून वळले नाहीत."

याला काय म्हणावं. चार वर्षं होत आली, एक क्षणही न थांबलेलं मशीन. त्याचं कौतुक राहिलं बाजूला, उलट बंद का पडलं नाही म्हणून ठपका.

मशीनच्या खोलीच्या दारासमोर मी एक फळा टांगलाय. न थांबता किती दिवस झाले तो आकडा रोज संध्याकाळी माझ्या हाताने लिहितो. खडू दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी फळा दाखवतो, मग खुर्ची. आज लिहिलं १४०९. धाप लागली, पण बसलं नाही पठ्ठं.

जेवताना हिला सगळं सांगितलं. पंखा ऑफिसात एकट्या मलाच ऐकू आला, हेही. सोळाव्या वर्षापासून टेलिफोनच्या खांबावर चढून तारेला कान लावत आलोय, बिघाड किती अंतरावर आहे ते खरखरीवरून सांगायचो. कान हेच माझं भांडवल. ही भाजी वाढता वाढता म्हणाली, "तुम्हाला ऐकू येतं सगळं." बरं वाटलं. घरात आपली कदर आहे.

मंगळवार, ५

धाकटीने दोष शोधला. मोठी मुलगी लग्न होऊन लांब गेली. धाकटी शिकली तीही मशीनं आणि राहिली तीही मशीनांपाशी, आमच्याच ऑफिसात. सकाळी टेबलाशी येऊन म्हणाली, "बाबा, कर्नलमध्ये दोष आहे."

मला वरच्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल आठवले. गच्चीवरच्या टाकीवरून आमची तेढ आहे, पण म्हातारा असल्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. तसं मी बोललो.

"तो कर्नल नाही हो. मशीनच्या आतला. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असतो, त्याला म्हणतात."

मग तिने समजावलं. मला कळलं ते असं. मशीनकडे येणारा निरोप मोठा असला तर तुकड्या-तुकड्यांनी येतो. आतल्या कर्नलने सगळे तुकडे जोडायचे आणि निरोप पुढे धाडायचा. काल कुणा लबाडाने हजारो निरोपांचे तुकडे पाठवले, पण एकाचाही शेवटचा तुकडा पाठवला नाही. कर्नल बिचारा प्रत्येकाची वाट बघत बसला. वर नवा तुकडा आला की हा कोणाचा म्हणून आधीचा सगळा ढीग उपसायचा. ढीग वाढला, उपसा वाढला, खऱ्या फोनकडे बघायला त्याला सवडच उरली नाही.

"म्हणजे समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो, हीच त्याची चूक," मी म्हटलं.

"असंच म्हणा," धाकटी म्हणाली, आणि का कोण जाणे, हसली.

"कोण आहे हा लबाड? काय वाकडं केलंय मी त्याचं?"

"कुणीही असेल. रस्त्याने जाता जाता प्रत्येक दाराची कडी हलवून बघणारा. त्याला आपण माहीतही नसू."

हे जरा लागलं. शत्रू असला तर निदान ओळखणारा असावा.

कर्नल बनवणाऱ्यांनी यावर पॅच, म्हणजे दोष बुजवणारं ठिगळ, काढलाय म्हणे, पंधरा दिवस झाले.

"मग लाव की."

"लावते. पण बाबा, तो लावला की मशीन एकदा—"

"एकदा काय, दहादा लाव. मला विचारत बसू नकोस. अधिकार दिलेत ना तुला?"

माझा हा एक गुण आहे. काम सोपवलं की मी लुडबुड करत नाही. ती फळ्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. १४१०.

बुधवार, ६

सकाळी आल्या आल्या विचारलं, "लावला?"

"लावला," धाकटी म्हणाली. "पण बाबा, अजून—"

"लावला ना? झालं तर मग."

लगेच कंट्रोलबाईंना फोन केला. "पॅच लावला, बाई."

"नक्की?"

"माझा शब्द."

दुपारी एक गंमत झाली. आमच्याकडे एक माणूस आहे, नऊ वर्षं झाली, त्याला सगळे पुटपुट्या म्हणतात, एकटी धाकटी काका म्हणते. पंचेचाळिशीचा, कामाला चोख, पण समोर उभं करून विचारलं तर तोंडातून शब्द फुटत नाही. पाठ वळली की तासभर स्वतःशी बोलेल. इतरांना ते पुटपुटणं म्हणजे डासाचं गुणगुणणं. मला शब्द न् शब्द कळतो. आज तो मशीनच्या खोलीतून बाहेर आला, दरवाजा ओढला आणि मान हलवत स्वतःशी म्हणाला, "लावलाय, पण लागलेला नाही."

मी लगेच ताडलं. त्या खोलीचा दरवाजा वर्षभर नीट बसत नाही. ढकलला की मिटल्यासारखा दिसतो, पण खटका अडकत नाही. आतली थंड हवा बाहेर जाते, मशीन तापतं. हा बिचारा किती दिवस मनात ठेवून असेल. तासाभरात सुतार बोलावला.

सुताराने दरवाज्यावरून हात फिरवला. "फुगलाय, साहेब."

"कुणावर?"

"तुमच्यावरच असणार. बिजागरीला शेवटचं तेल कधी पाजलंत?"

माणूस पसंत पडला. रंधा मारून, पट्टी सरकवून अर्ध्या तासात काम केलं. पुटपुट्या कडेला उभा राहून बघत होता. चेहरा असा, की डोकं दुखतं म्हणून सांगावं आणि कुणी आपले बूट पॉलिश करून द्यावेत. त्याला कौतुक करता येत नाही.

तेवढ्यात धाकटी आली. "हे काय चाललंय?"

"तुम्ही न सांगता तुमच्या मनातलं ओळखतो मी."

"बाबा, दरवाजा राहू दे. मला तुमच्याशी मशीन बंद—"

"हा शब्द या खोलीपाशी काढायचा नाही," मी म्हटलं. "फळा ऐकतोय."

सुतार मोकळेपणाने हसला. आमच्यातलं कुणी हसलं नाही. १४११.

शुक्रवार, ८

वाईट दिवस.

दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी पंखा पुन्हा चढला. चार मिनिटं. चारच का, तर धाकटीने मंगळवारी काहीतरी मर्यादा घालून ठेवली होती, तुकडे लवकर फेकले जावेत म्हणून. नाहीतर आणखी चाललं असतं.

त्या चार मिनिटांत एकाच माणसाने सात वेळा फोन केला. त्याच्या बायकोला श्वास घेता येत नव्हता. आठव्या खेपेला फोन गेला. अँब्युलन्स वेळेत पोचली की नाही, बाई अजून सांगू शकत नाहीत.

पॅच लावलेला असताना हे कसं झालं? धाकटीच्या सांगण्यावरून प्रत्यक्ष हात लावला होता पुटपुट्याने, त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तू नीट लावलास ना?" तो म्हणाला, "लावला, साहेब." धाकटीला विचारलं, ती म्हणाली, "लावलाय, बाबा. तुम्ही जरा बसता का, पाच मिनिटं, मी—" पण तेव्हाच कंट्रोलबाईंचा फोन आला.

"तुम्ही शब्द दिला होता," त्या म्हणाल्या.

"दिला होता."

"सोमवारी सकाळी मी वर कळवणार. तोवर खात्री द्या. नाहीतर दुसरी व्यवस्था बघते. उद्या येऊन भेटा."

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पुटपुट्याला उद्यापासून घरी बसवावं, असं मनात येतंय. नऊ वर्षांत पहिल्यांदा. इथे लिहून टाकलं की डोक्यातून जाईल म्हणून लिहितोय. गेलं नाही. १४१३ लिहिलं, पण मजा आली नाही.

शनिवार, ९

खूप लिहायचंय.

सकाळी कंट्रोल रूममध्ये गेलो. सहा टेबलं, सहा बायका, कानाला हेडफोन. कुणाचाही आवाज चढत नाही, बँकेत बसल्यासारखं वाटतं. जाताना मी चार मुद्दे तयार केले होते. चौथा मुद्दा पुटपुट्या होता.

बाईंनी मला बसवलं आणि आधी चांगली बातमी दिली. त्या माणसाची बायको वाचली. पोचायला उशीर झाला, पण ऑक्सिजन वेळेत लागला. आज सकाळी बसती झाली आणि नवऱ्यावर तडकली म्हणे, घराला कुलूप न लावता आलात म्हणून. मला इतकं हायसं वाटलं की चारपैकी दोन मुद्दे तिथेच विसरलो.

मग बाईंनी एक हेडफोन माझ्यापुढे सरकवला. "कानाचा अभिमान आहे ना तुम्हाला? ऐका."

आठवा फोन. आधी नुसता श्वास, बायकोचा, लांबून. झडप अडकलेल्या पंपासारखी शीळ. मग नवऱ्याचा आवाज, "हॅलो? लागला? लागला का? अहो, किती वेळ लावतोय मी. लावतोय, पण लागत नाहीये." आणि आमच्यासमोरच बसलेल्या त्या टेबलावरच्या बाईंचा शांत आवाज, "लागलाय. बोला. पत्ता सांगा."

मी हेडफोन काढला. परत लावला. "पुन्हा एकदा," म्हटलं.

लावतोय, पण लागत नाहीये.

हे मी या आठवड्यात एकदा ऐकलं होतं. शब्द जवळपास तेच. मशीनच्या खोलीपाशी, पाठमोऱ्या माणसाच्या तोंडून. आणि मी सुतार बोलावला होता.

उरलेले दोन मुद्दे न मांडता उठलो. बाई म्हणाल्या, "झालं बोलून?" म्हटलं, "अजून ऐकून व्हायचंय. दोन तासांत फोन करतो."

ऑफिसात पुटपुट्या एकटाच होता, केबलींना चिठ्ठ्या चिकटवत.

"बुधवारी तू काय पुटपुटत होतास?"

"कुठे काय."

"लावलाय, पण लागलेला नाही, असं."

त्याच्या हातातली चिठ्ठी बोटालाच चिकटली. "तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"मला सगळं ऐकू येतं. दरवाज्याबद्दल बोलत होतास ना?"

"दरवाज्याबद्दल मी कशाला बोलेन, साहेब? पॅचबद्दल बोलत होतो." आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या तोंडाकडे बघून सलग बोलला. "पॅच मशीनमध्ये ठेवलाय. म्हणून लावला. पण मशीन आत जुनाच कर्नल चालवतंय. चार वर्षांपूर्वी उठताना जो घेऊन उठलं, तोच. एकदा बंद करून चालू केल्याशिवाय नवा लागणार नाही. ठेवलाय कपाटात आणि अंगावर जुनाच सदरा, असं झालंय."

"मग तोंडावर सांगायचं नाही का?"

त्याने फळ्याकडे बघितलं. १४१३. नंतर म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही ऐकलंत. लगेच सुतार बोलावलात, तेव्हा वाटलं, हेच साहेबांचं उत्तर. बंद करायचं नाही, दरवाजा दुरुस्त करून घ्या."

मी केबलींच्या खोक्यावर बसलो. याला मी घरी बसवणार होतो.

धाकटी आली. तिला म्हटलं, "अगं, मशीन बंद करायला लागतं हे सांगायचं नाहीस का मला?"

"मंगळवारी सांगितलं. बुधवारी सकाळी सांगितलं. बुधवारी दुपारी सुतारासमोर सांगितलं. काल—"

"बरं, बरं."

आता घरी येऊन ही वही मागे चाळली. खरंच, मंगळवारपासून तिची सगळी वाक्यं अर्धीच उतरली आहेत. पुढे नुसती रेघ. लिहिण्यातला आळस, दुसरं काय. यापुढे तिची वाक्यं पूर्ण उतरवायची, ठरवून टाकलं.

पण मशीन बंद करायला मी का भितो, तेही लिहितो. चार वर्षांपूर्वी वीज गेली आणि हेच मशीन सात तास उठलं नव्हतं. तेव्हा शेजारच्या कंट्रोल रूमशी ठरलेलंही काही नव्हतं. या कामाचं आमचं पहिलं वर्ष. फोन साध्या लाइनीवर घेतले, पत्ते कागदावर लिहिले आणि ते कागद घेऊन मी स्वतः कंट्रोल रूमचे जिने चढलो-उतरलो. सात तासांनी पंखा फिरला, तेव्हा मी पहिल्यांदा खडूने '१' लिहिला. लोकांना फळा म्हणजे माझी मिजास वाटते. तो आकडा वाढला की मला एवढंच कळायचं, आजही ते सात तास आले नाहीत.

हे ऑफिसातच धाकटीला सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं. मग म्हणाली, "तेव्हा डिस्क गेलेली होती, बाबा. ती आपण बदलली. आता नवा कर्नल नाही उठला, तर जुन्यावर उठवता येतं. आणि बंद असेपर्यंत फोन शेजारी वळतात. खरं म्हणजे आत्ता चालू आहे, तेच धोक्याचं आहे."

कंट्रोलबाई सोमवारी हेच म्हणाल्या होत्या. तेव्हा मला ठपका वाटला होता.

तिने फाइलीतून एक कागद काढला. आधी कुणाला फोन, मग काय बंद, मग काय चालू, किती मिनिटं, नाही उठलं तर काय. एकोणीस ओळी, एकही खाडाखोड नाही. तारीख मंगळवारची होती. म्हटलं, "तारीख चुकली वाटतं."

"नाही," ती म्हणाली.

खाली सही केली. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या पहाटे साडेपाच. तेव्हा फोन सगळ्यात कमी. मी स्वतः टेबलावर बसते." फळ्यावर १४१४ लिहून ठेवला. एका रात्रीपुरता.

रविवार, १०

साडेपाचला तिघं हजर. बाहेर उजाडत होतं, रस्ता झाडणाऱ्याच्या खराट्याचा आवाज येत होता.

म्हटलं, फळा आधी मीच पुसतो. पण डस्टर सापडेना. या फळ्याला डस्टर कधी घेतलाच नव्हता. रोज शेवटचा आकडा अंगठ्याने पुसायचा आणि त्यावर लिहायचं, एवढंच. शेवटी हातरुमालाने सगळा पुसला. रुमाल पांढरा झाला, खिशात ठेवला.

बाईंचा फोन आला, "वळवले." धाकटीने एकोणीस ओळींचा कागद समोर धरला, पुटपुट्याने हुकूम दिला आणि मशीन बंद झालं.

पंखा थांबला. चार वर्षं ज्याच्यावर माझं ऐकणं बेतलं होतं, तो आवाज गेल्यावर खोलीत किती काय काय होतं ते कळलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. मला वाटायचं ते बंद पडलंय. भिंतीतल्या नळीतून पाणी चढत होतं. धाकटी नाकाने भरभर श्वास घेत होती. चेहरा मात्र गार. म्हणजे तिलाही भीती वाटत होती, आणि मी समजत होतो पोरगी दगडाची आहे. पुटपुट्या सेकंद मोजत होता, "नव्वद, एक्क्याण्णव."

कागदावर लिहिलं होतं, अडीच मिनिटांत उठेल. एकशे पन्नास झाले. काही नाही. एकशे ऐंशी. मी खिशातला रुमाल मुठीत धरला.

"बाबा, डिस्क तपासून घेतंय," धाकटी म्हणाली. "इतक्या दिवसांनी उठतंय ना, सगळं बघून घेणारच. थांबा."

थांबलो. दुसरं काही करता येण्यासारखंही नव्हतं.

"दोनशे चौदा," पुटपुट्या म्हणाला, आणि मशीनने बारीक आवाज दिला. टूक. पंखा एकदा जोरात फिरला आणि मग लयीत आला. जुनीच लय, पण खालच्या सुरात. पुटपुट्या म्हणतो, तसं काही नाही, माझ्या मनाचे खेळ. त्याला काय कळतंय.

धाकटीने पडद्यावरचा कर्नलचा नंबर वाचला. एकदा मनात, एकदा मोठ्याने. नवा होता.

मग फोन परत आमच्याकडे वळवले आणि कंट्रोलबाईंनी स्वतः एक लावून बघितला. माझा फोन कानाला होता.

"लागला," त्या म्हणाल्या.

मी बसलो. खुर्ची तिथे नव्हती. जमिनीवर बसल्यावर कळलं. दोघं धावले, मग मी हसतोय म्हटल्यावर तेही हसायला लागले. पुटपुट्याचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. चांगलं गडगडाटी आहे. इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, "चला, ऐकलंत एकदाचं." म्हटलं, ऐकायचा प्रश्नच नव्हता, ऐकू मला बुधवारीच आलं होतं. तिने कपाळावर हात मारला. दमली असेल.

मंगळवार, १२

तो आज परत आला. सकाळी अकरा दहाला. मला कळलंच नाही, कारण पंखा हललाच नाही. पुटपुट्याने पडद्यावर पाहिलं आणि चक्क मोठ्याने म्हणाला, "आला."

मी आत गेलो. "किती?"

"सोमवारच्या तिप्पट."

"काय करतोय?"

"कडी हलवतोय."

"आणि आपला कर्नल?"

"पेपर वाचत बसलाय, साहेब. अर्धे तुकडे आले की थोडा थांबतो, मग केराच्या टोपलीत टाकतो."

वीस मिनिटं हलवून हलवून तो निघून गेला. त्या वीस मिनिटांत नऊ फोन आले आणि नऊही लागले. एक तर चुकून आलेला होता, कुणाला तरी प्लंबर हवा होता. तोही लागला.

कंट्रोलबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "मला काही जाणवलं नाही." त्यांच्याकडून एवढं म्हणजे हार घातल्यासारखं आहे. वर काय कळवलं ते विचारलं. म्हणाल्या, "काल काहीच कळवलं नाही. आज चालू आहे, असं कळवते."

येताना जिन्यात वरचे कर्नल भेटले. मी आपणहून नमस्कार केला आणि तब्येत विचारली. म्हातारा दचकला.

सोमवार, १८

पाच दिवस लिहिण्यासारखं काही झालं नाही. असे दिवस मला पूर्वी आवडायचे नाहीत.

फळ्याचा प्रश्न होता. कोरा फळा बघवेना. मी '९' लिहिणार होतो, धाकटी म्हणाली, "आकडा नको, तारखा लिहा." आता वर लिहिलंय, 'मागच्या वेळी बंद केलं: १०', आणि खाली, 'पुढच्या वेळी:', त्यापुढे जागा. खडू तिथेच ठेवलाय. संध्याकाळी बघतो तर पुटपुट्याने कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, 'दरवाजा: ठीक'.

आज दुपारी धाकटी टेबलाशी आली. "बाबा, मला एक—"

मी "सुट्टी ना, घे," म्हणणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण वहीत पूर्ण वाक्य उतरवायचं ठरलंय, म्हणून पेन घेऊन थांबलो. मी बोलत नाही म्हटल्यावर तीही थांबली.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"लिहायचंय. तू बोल."

मग ती बोलली ते असं: "मला एक सांगायचं होतं, की पुढच्या महिन्यात कर्नलचा आणखी एक पॅच येणार आहे, तो लावून मशीन पुन्हा चार मिनिटं बंद करावं लागेल, आणि तेव्हा मी इथे नसेन, कारण मला आठ दिवस ताईकडे जाऊन नुसतं झोपायचंय, तर या वेळी सगळं काका करतील, आणि ते 'बंद' म्हणाले की तुम्ही त्यांना पुढचं म्हणू द्यायचं."

वाक्य लांब आहे, पण शेवटपर्यंत आलं. सुट्टीचं मी बरोबर ओळखलं होतं. बाकीचं नव्हतं.

"हो," म्हटलं.

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, पुढे आणखी काही येईल म्हणून. काही आलं नाही. मग मशीनच्या खोलीत गेली आणि जाताना दरवाजा मागे ओढला. मी इथे, बाहेरच्या खोलीत, मान वर न करता ऐकलं. खट्.

लागला.